‘वादग्रस्त विधान’ नको, विधानच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की आपल्या भागातल्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : ‘नेत्याने एका विशिष्ट समाजाबद्दल वादग्रस्त विधान केल्याने परिसरात संतापाची लाट उसळली.’ समाज कोणता ते लिहिलेले नसते, विधान काय तेही नसते, आणि ते मराठीत केले, अहिराणीत केले की पावरीत, याचा तर पत्ताच नसतो. बातमी वाचून संपते तेव्हा वाचकाच्या हाती नुसता संताप राहतो. या पत्रातून एकच मागणी आहे. ते वाक्य जसेच्या तसे छापा. नेत्याच्या तोंडची जाती-वंशाची भाषा झाकलेली असते तोवर तिचा जोर जास्त असतो, आणि आपली वर्तमानपत्रे चांगल्या हेतूने तिच्यावर आणखी एक पांघरूण घालतात.

‘वंश’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. अमेरिकेत लोक कातडीचा रंग पाहतात, आपल्याकडे आडनाव, पाडा, बोली आणि गल्ली पाहिली जाते. पण भाषणातून मतदाराच्या मनावर होणारे काम सारखेच आहे आणि त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास अमेरिकेत झाला आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

१९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्या विरोधात टीव्हीवर एक जाहिरात आली. त्यांच्या राज्यात कैद्यांना शनिवार-रविवारची सुटी देण्याची योजना होती. विली हॉर्टन नावाचा जन्मठेपेचा एक कैदी त्या सुटीवरून परतला नाही आणि त्याने दुसऱ्या राज्यात बलात्कार व मारहाणीचे गुन्हे केले. जाहिरातीत बोलला गेलेला मजकूर सगळा गुन्हेगारीबद्दल होता, ‘काळा’ हा शब्द कुठेच नव्हता. पण पडद्यावर हॉर्टनचा फोटो होता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ताली मेंडेलबर्ग यांनी त्या मोसमातल्या मतदार पाहण्यांचा आठवड्यांच्या क्रमाने अभ्यास केला. सप्टेंबरपासून गोऱ्या मतदारांच्या मनातला वर्णद्वेष आणि त्यांची उमेदवाराची निवड यांचे नाते घट्ट होत गेलेले त्यांना दिसले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात काळ्या समाजाचे नेते जेसी जॅक्सन यांनी ‘हा प्रचार वर्णद्वेषी आहे’ असे उघड म्हटले, वर्तमानपत्रांनी ते छापले आणि ते नाते सैल पडू लागले. जाहिरात तीच होती, मतदारही तेच होते. तोवर आपण गुन्हेगारीबद्दलच विचार करतो आहोत असे त्यांना वाटत होते. आपल्याला कशावर बोट ठेवायला लावले जात आहे हे कळल्यावर बऱ्याच जणांनी हात आखडता घेतला.

यातली कळ नीट समजून घेण्यासारखी आहे. अशा एका वाक्याने मतदाराचे त्या समाजाबद्दलचे मत बदलत नाही. ते बरे-वाईट काय असेल ते आधीच तयार असते. बदलते ते उमेदवाराला तोलण्याचे माप. सभेला येताना शेतकऱ्याच्या डोक्यात कापसाचा भाव असतो, केळीच्या पीकविम्याचे पैसे असतात, पाटचारीला पाणी येईल की नाही हे असते. या मापाने तोलले तर समोरचा उमेदवार हलका भरतो, आणि हे उमेदवाराला पक्के माहीत असते. म्हणून तो एक वाक्य टाकतो. तेवढ्या एका वाक्याने ‘हा माणूस आपला आहे का’ हे माप पुढे येते आणि पीकविमा मागे सरतो. ऐकणाऱ्याला वाटते की निर्णय आपला आपणच घेतला.

आता आपल्याकडचे एक वाक्य जवळून पाहू. अहिराणी पट्ट्यातल्या सभांत ते या ना त्या रूपात ऐकू येते : ‘बाहेरना लोकेसले आठे काय काम शे?’ म्हणजे बाहेरच्या लोकांचे इथे काय काम. यात जात नाही, धर्म नाही, शिवी तर नाहीच. पण शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या गावात हे वाक्य पडले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मध्य प्रदेशातून उतरलेला, वनजमिनीवर झोपडी घालून राहिलेला पावरा आदिवासी येतो. हेच वाक्य धुळे शहरातल्या चौकसभेत म्हटले की डोळ्यांपुढे मुसलमानांची एखादी गल्ली येते. शहाद्याकडे एखादा आदिवासी पुढारी ते म्हणतो तेव्हा मनात येतो सपाटीवरचा जमीनदार, ज्याच्या शेतात बापजाद्यांनी सालदारकी केली. वाक्य एकच असले तरी शत्रू तीन आहेत आणि तिन्ही ठिकाणी वक्ता नामानिराळा राहतो. दुसऱ्या दिवशी विचारले तर उत्तर तयार असते : ‘मी तर परजिल्ह्यातून आलेल्या उमेदवाराबद्दल बोललो.’

म्हणूनच ‘विशिष्ट समाज’ हे दोन शब्द घातक आहेत. वक्त्याने मोकळी सोडलेली जागा वार्ताहर तशीच मोकळी ठेवतो. सभेला नसलेला वाचक ती आपापल्या रागाने भरतो. शिरपूरचे वाक्य धुळ्यात वाचले जाते तेव्हा शत्रू बदललेला असतो, आणि ज्याच्याबद्दल ते मुळात बोललेच गेले नव्हते असा समाजही हकनाक दुखावतो.

खान्देशात या भाषेला आणखी एक वळण आहे आणि बाहेरचे विश्लेषक ते सहसा ध्यानात घेत नाहीत. तिन्ही जिल्ह्यांतल्या २० विधानसभा जागांपैकी अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर आणि चोपडा या ७ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, भुसावळ अनुसूचित जातींसाठी. नंदुरबारची लोकसभाही राखीव. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के, धुळ्यात ३२ आणि जळगावात १४ टक्के आहेत. राखीव जागेवर सगळेच उमेदवार आदिवासी असतात, त्यामुळे आदिवासी विरुद्ध बिगर आदिवासी असा उघड सामना लावता येत नाही. मग भाषा आत वळते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची यांच्यात ‘खरा आदिवासी कोण’ हा प्रश्न उभा केला जातो. ‘बोगस’ हा त्यातला सर्वांत चलनी शब्द. एखाद्या व्यक्तीचे जमातीचे प्रमाणपत्र खरे की खोटे हे ठरवायला पडताळणी समिती आहे, त्यासाठी राज्याचा कायदा आहे, आणि खोट्या प्रमाणपत्राने खऱ्या आदिवासीची जागा जाते ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण व्यासपीठावरून ‘अमुक आडनावाचे सगळे बोगस’ असे म्हटले जाते तेव्हा एका कागदाबद्दलची तक्रार अख्ख्या लोकसमूहावर जाते. बातमीत दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो, ‘आरोप’. हा फरक वार्ताहराने दाखवलाच पाहिजे.

याच मतदारसंघांत बिगर आदिवासी मते अनेकदा निकाल फिरवतात. त्यांच्यासाठी वेगळी भाषा वापरली जाते आणि ती वरून कौतुकाची दिसते. ‘आमचा आदिवासी बांधव भोळा आहे, त्याला कोणीही फसवतं.’ या ‘भोळा’ शब्दावर जरा थांबले पाहिजे. भोळा म्हणजे ज्याला स्वतःचे भले कळत नाही असा. सपाटीवरचा मतदार हे ऐकतो तेव्हा त्याला वक्ता प्रेमळ पालक वाटतो आणि त्याच्याबद्दलचे मत चांगले होते. आश्रमशाळेत शिकून पुढे पदवी घेतलेला धडगावचा तरुण तेच ऐकतो तेव्हा त्याला आपल्या बापाचा अपमान ऐकू येतो. एका शब्दाने एकाच वेळी दोन मतदारांची मते विरुद्ध दिशांना जातात. बातमीत मात्र ‘आदिवासींच्या विकासासाठी कटिबद्ध’ एवढेच येते.

‘आदिवासी’ की ‘वनवासी’ हा वादही निव्वळ शब्दाचा नाही. ‘आदि’ म्हणजे आधीपासूनचे. त्या शब्दात जमिनीवरचा पहिला दावा आहे. ‘वनवासी’मध्ये फक्त राहण्याचे ठिकाण आहे, आणि वन खात्याने उठवले की तेही जाते. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ याच शब्दाचा आग्रह धरला होता. संविधानात तो आला नाही, मराठीत ‘अनुसूचित जमाती’ रूढ झाले. शहाद्याच्या ज्या भागात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न मांडला, तिथल्या मतदाराला हे दोन शब्द सारखे वाटत नाहीत. कोणत्या नेत्याने कोणत्या सभेत कोणता शब्द वापरला ही स्वतंत्र बातमी आहे. उपसंपादकांनी ‘वनवासी’चे ‘आदिवासी’ किंवा उलट करून छापू नये. वक्त्याने जो उच्चारला तोच शब्द पानावर यावा.

उघडे पाडले की विष उतरते, असा सरसकट निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा विरोधात असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले. त्यात आडपडदा फारसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढले. तरीही त्या महिन्याअखेरच्या गॅलप पाहणीत ७४ टक्के लोकांनी भाषणाशी सहमती दाखवली आणि लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने रस्त्यावर आले. अमेरिकेतही निकोलस व्हॅलेंटिनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की उघड वर्णद्वेषी बोलण्याचा गोऱ्या मतदारांना पूर्वीइतका तिटकारा राहिलेला नाही, आडून आणि उघड बोलण्याचा परिणाम आता जवळपास सारखा होतो. ‘सगळे समान’ हे मूल्य मतदाराने स्वतः मानलेले असेल तरच उघडे पाडण्याचा उपयोग होतो. ज्या भागात ते मूल्य पातळ झाले आहे तिथे नुसते ‘हे जातीयवादी आहे’ म्हणून भागत नाही.

मग कशाने भागते? दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिली, कोण बोलतो याला महत्त्व आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केविन मंगर यांच्या प्रयोगात ट्विटरवर वर्णद्वेषी शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना वेगवेगळ्या खात्यांवरून समज देण्यात आली. समज देणारा गोरा आणि बरेच अनुयायी असलेला दिसत होता तेव्हाच शिव्यांचे प्रमाण ठळकपणे घटले. काळ्या माणसाच्या नावाच्या खात्यावरून दिलेल्या समजेने तसे झाले नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर भाऊबंदाने टोकलेले लागते. पावऱ्यांना हिणवणाऱ्या भाषणावर प्रतिक्रिया घ्यायला आपला वार्ताहर पावरा संघटनेच्या कार्यकर्त्याकडे जातो. जावेच, तो त्यांचा हक्क आहे. पण त्याने वक्त्याच्या स्वतःच्या समाजातल्या दोन वजनदार माणसांनाही विचारावे : सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, कीर्तनकार. त्यांचे एक वाक्य वक्त्याच्या मतदारांवर जास्त परिणाम करते.

दुसरी गोष्ट, नेमका शब्द हाती असावा. व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी ११ ऑगस्ट २००६ रोजी एका सभेत, विरोधी उमेदवारासाठी चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या तरुणाला ‘मकाका’ म्हटले. माकडाच्या एका जातीचे नाव, आणि काही देशांत गडद वर्णाच्या माणसांसाठीची शिवी. त्या तरुणाच्या कॅमेऱ्यात ते जसेच्या तसे आले होते. नुसते ‘वर्णद्वेषी टिप्पणी केली’ असे छापले असते तर ॲलन यांच्या माणसांनी चार दिवसांत ते झटकून टाकले असते. शब्द आणि चित्रफीत दोन्ही असल्यामुळे ते जमले नाही. पाहण्यांत पुढे असलेले ॲलन नोव्हेंबरमध्ये सुमारे ९ हजार मतांनी पडले. पराभवाची कारणे आणखीही होती, पण प्रचाराची दिशा त्या एका शब्दाने बदलली असे मानले जाते.

नेमक्या शब्दाची गरज कोर्टातही तितकीच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत देण्याचे किंवा न देण्याचे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार आहे. १२३(३अ) मध्ये याच आधारांवर शत्रुत्व पसरवणे येते, आणि कलम १२५ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंग खटल्यात ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्म आणि जातही येते. अल्पमतातल्या ३ न्यायाधीशांची काळजीही समजून घेण्यासारखी आहे : पिढ्यान्‌पिढ्या नाडलेल्या समाजाने आपले दुःख निवडणुकीत मांडायचेच नाही का? आमच्या मते मांडायलाच हवे. वनहक्काचे दावे का नामंजूर झाले हे विचारणे वेगळे आणि दुसऱ्या जमातीला उपरे ठरवणे वेगळे. पण हा फरक वाक्यातच दिसतो, बातमीच्या गोषवाऱ्यात नाही.

अशा आवाहनामुळे निवडणूक रद्द होणे ही पोकळ धमकी नाही. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक भाषणांमुळेच रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरी बहुतेक तक्रारी वाया जातात, आणि त्यामागची कारणे ठरलेली आहेत. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांतच दाखल करावी लागते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती औरंगाबाद खंडपीठात होते. मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो, पण भ्रष्ट आचाराच्या आरोपासाठी वेगळे शपथपत्र लागते आणि पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो. वाक्य उमेदवाराचे किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीचे नसून तिसऱ्याच वक्त्याचे असेल तर त्याला संमती होती हे सिद्ध करावे लागते. स्टार प्रचारक बोलून जातो आणि उमेदवार हात वर करतो तो याच आधारावर. म्हणून ते वाक्य उच्चारले गेले तेव्हा उमेदवार मंचावर होता का, त्याने टाळ्या वाजवल्या का, नंतर स्वतःच्या भाषणात त्याला दुजोरा दिला का, हे वार्ताहराने टिपलेले असेल तर ते सोन्याच्या मोलाचे ठरते.

ध्वनिमुद्रणाचेही तसेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अन्वर विरुद्ध बशीर या केरळच्या निवडणूक खटल्यात प्रचाराच्या सीडी होत्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्या पुराव्यात धरल्या गेल्या नाहीत. प्रमाणपत्र सक्तीचेच आहे हे २०२० मध्ये आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात पुन्हा सांगितले गेले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते दोन भागांत द्यावे लागते, एक उपकरण हाताळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली ४० सेकंदांची क्लिप इथे टिकत नाही. व्हॉट्सॲप सहसा व्हिडिओ दाबून लहान करते, मूळ फाइल राहत नाही. मूळ मोबाइल, मूळ फाइल आणि वाक्याच्या आधी-नंतरची निदान पाच-पाच मिनिटे जपली पाहिजेत. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करायची तर त्याच ॲपमधून जास्तीत जास्त २ मिनिटांचे चित्रण घेऊन ५ मिनिटांत पाठवावे लागते, गॅलरीतला जुना व्हिडिओ ते घेत नाही. म्हणून एकाने ॲपवर आणि दुसऱ्याने वेगळ्या फोनवर पूर्ण भाषण घ्यावे.

भाषांतरातली चूक ही आपल्या भागातली सर्वांत मोठी अडचण आहे. पावरी किंवा मावचीतल्या भाषणाचा मराठी गोषवारा कोणी केला हेच तक्रारीत नसते. मग समोरचा वकील दुसरा अर्थ मांडतो आणि दोन्ही अर्थ तितकेच खरे वाटतात. मूळ बोली देवनागरीत लिहावी, खाली मराठी अर्थ द्यावा, आणि ती बोली घरात बोलणाऱ्या दोघांनी वेगवेगळा अर्थ लिहून मग ताडून पाहावा. जिथे दोघांचा मेळ बसत नाही ते शब्द तसेच दाखवावेत.

असे छापल्याने शिवी आणखी पसरेल, ही संपादकांची भीती खरी आहे. म्हणून ते वाक्य मथळ्यात नको, चौकटीत ठळक अक्षरांत नको, समाजमाध्यमांच्या फोटोकार्डावर तर मुळीच नको. बातमीच्या पोटात, एकदाच, अवतरण चिन्हांत असावे. जमातीच्या नावाला तुच्छतेचा प्रत्यय जोडला असेल तर तो शब्द अर्धा झाकून ‘जमातीच्या नावाचे हिणकस रूप’ असे लिहावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याला लागू होऊ शकतो आणि ज्याला तो शब्द झोंबतो तोही आपलाच वाचक आहे. आणि वाक्याखाली वक्त्याला विचारलेला प्रश्न हवा : ‘बाहेरचे म्हणजे नेमके कोण?’ त्याने नाव घेतले तर नाव छापावे. टाळले तर टाळले असे छापावे. १९८८ मध्ये उपयोगी पडला तो याच धर्तीचा खुलासा, आणि तो मतदानाच्या आधी झाला होता.

जिल्हा परिषद असो की लोकसभा, आपल्या तालुका वार्ताहरांना एवढे टिपण पाठवायला सांगावे : सभेचे ठिकाण आणि वेळ, वक्ता, मंचावरचा उमेदवार, मूळ बोलीतले वाक्य, त्याचा अर्थ, अर्थ लावणाऱ्यांची घरची बोली, आणि ‘बाहेरचे कोण’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर. पानावर ते आठ-दहा ओळींत बसते.

आपले,
राज्यशास्त्राचे काही शिक्षक व वकील, शहादा-शिरपूर परिसर